रुंद दाराचा संडास

माझं तोंड पहिल्यापासून तिखट. पेणला आमच्या आळीत नळावर भांडण लागलं की बायका आधी मला बोलवायच्या, कारण माझ्यापुढे कुणाचं चालायचं नाही. तेव्हा हे सांगताना मी गोड बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मी यात वाईट वागलेली आहे. आज वाईट वाटतं म्हणून तेव्हाचं वागणं काही मऊ होत नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी रोह्याला एका कचेरीत कारकून होते. सकाळी पेणहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. कचेरी पहिल्या मजल्यावर आणि खाली मोठं आवार. दाखल्यांसाठी, सह्यांसाठी आलेली माणसं त्या आवारात दिवस दिवस बसून असायची. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात दोन संडास होते. आत शिरून दार लावायचं तर आधी गुडघे आवरून घ्यावे लागत. एकाला कडी होती, दुसऱ्याला सुतळी. वास तर असा की आम्ही बायका सकाळी घरून निघताना पाणी बेतानंच प्यायचो.

मग वरून काहीतरी हुकूम निघाला की अपंगांसाठी सोय करा. त्या दोघांच्या शेजारी तिसरा संडास उभा राहिला. पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार, रुंद दार, आत कमोड, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, नळाला चक्क पाणी. दारावर पेंटरनं निळ्या अक्षरांत ‘फक्त अपंगांसाठी’ असं लिहिलं. आम्ही चौघीजणी बघायला गेलो आणि बघतच राहिलो. आमच्यातल्या एकीच्या घरची मोरीसुद्धा एवढी नव्हती.

झाडणारी मावशी म्हणाली, उघडा ठेवलात तर दोन दिवसांत घाण करतील, कुलूप घाला. आम्हाला तेवढंच हवं होतं. कुलूप घातलं, किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. स्वच्छतेसाठी हो, दुसरं काय! हळूहळू तिथे आरसा गेला, एक स्टूल गेलं, टिकल्या चिकटवायला भिंतीचा एक तुकडा ठरून गेला. एकीनं देवाचं कॅलेंडर आणून लावलं, त्यावर आमचं चांगलं वाजलं, कारण संडासात देव लावतात का? शेवटी तिनं ते काढलं आणि फुलांचं लावलं. म्हणजे बघा, देव लावायच्या वेळेला तो संडास होता, एरवी आम्ही त्याला आमची खोली समजत होतो.

आता जिच्यासाठी तो होता तिच्याबद्दल. आवाराच्या फाटकाशी एसटीडीचा पिवळा बूथ होता. तो चालवणारी तिशीतली बाई दोन्ही पायांनी अधू होती, लहानपणी पोलिओ झालेला. काखेत कुबड्या घेऊन चालायची. मूळची कासूच्या बाजूची, खाडीकाठची. बाप मिठागरात राबून गेला, आई गावीच. ही रोह्यात भावाकडे राहायची. भाऊ कंपनीत होता, शिफ्टला जाताना तिला सायकलवरून बूथवर सोडायचा आणि सुटल्यावर न्यायचा. बूथ तिच्या नावावर होता, त्यावर ती स्वतःचं पोट भरत होती आणि भावाच्या घरात मान वर करून राहत होती. पण बूथला आवारात जागा आमच्या कचेरीच्या परवानगीनं, दरवर्षी नव्यानं. दिवसभर बूथमध्ये बसायचं तर तिला तो संडास हवाच. बाकीच्या दोन्हींत तिला उकिडवं बसताच येत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तिनं खालून निरोप पाठवून मला बोलावून घेतलं आणि दुसरी किल्ली मागितली. मी म्हटलं, सरकारी कुलूप आहे, डुप्लिकेट मिळत नसते. साफ खोटं. बाजारात किल्लीवाला बसायचा, पाच मिनिटांचं काम. पण किल्ली तिच्याकडे गेली असती तर खोली तिची झाली असती, आणि मग आम्हाला तिच्याकडे मागावी लागली असती. हे मी कुणापुढे बोलले नाही, पण मनात अगदी स्वच्छ होतं.

मग रोजचं सुरू झालं. तिला जायचं झालं की ती जिन्याखाली येऊन उभी राहायची आणि वर तोंड करून हाक मारायची, ‘बाई, किल्ली!’ जिना चढणं तिला शक्य नव्हतं. आवारात चहावाला, शिपाई, बाकांवर बसलेले गडी, सगळ्यांना कळायचं की हिला लागली आहे. वर आमच्यातली कुणीतरी म्हणायची, ट्रंक कॉल आला, आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. मी हातातली नोंद पुरी करायची, पेन बंद करायचं, मग उठायचं. कंटाळा आला असला तर खिडकीतूनच किल्ली खाली टाकायची. कुबड्यांवर वाकून ती उचलायला तिला किती त्रास होतो ते मला वरून नीट दिसायचं. एकदा किल्ली गटाराच्या कडेला पडली, तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उचलून दिली आणि वर बघून मला शिवी हासडली.

तिचं झालं की आम्ही मावशीकडून फिनेल टाकून घ्यायचो. आमच्यापैकी कुणी जाऊन आलं तर नाही टाकायचो.

एकदा तिनं मला बूथपाशी थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाली, ‘बाई, मी नुस्तं बाई म्हणून हाक मारीन. किल्ली म्हणणार नाय. तुम्ही समजून घ्या, येवढं करा.’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं नुसतं ‘बाई’ म्हणून हाक मारली. मी त्या दिवशी साहेबांची बोलणी खाऊन बसले होते. खिडकीत जाऊन सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडले, काय गं, किल्लीच ना? त्यानंतर तिनं पुन्हा पूर्वीसारखी हाक मारायला सुरुवात केली.

मग संक्रांत आली. कचेरीतलं हळदीकुंकू दरवर्षी दणक्यात व्हायचं आणि त्या वर्षी सगळ्यांनी नऊवारी नेसायचं ठरवलं. चापूनचोपून नऊवारी नेसवायची तर ती मीच. माझ्या हातचा काष्टा दिवसभर हलत नाही, असं बायका अजून सांगतात. नेसवायला जागा अर्थात खाली, रुंद दाराची. दुपारी जेवण झाल्याबरोबर आम्ही खाली उतरलो. कमोडवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पिशव्या ठेवल्या, आतून कडी घातली, पहिली मी स्वतः नेसले आणि मग बाकीच्या तिघींना एकेक उभं करून निऱ्या घ्यायला लागले.

दुसरीच्या निऱ्या चालू असताना दारावर टकटक झाली. आतून एकीनं सांगितलं, थांब गं, साड्या नेसतोय. ती थांबली. तिसरी झाली. मध्ये पुन्हा टकटक, या वेळी कुबडीनं. मला राग आला. निऱ्या हातातून सुटल्या की पहिल्यापासून घ्याव्या लागतात. मी म्हटलं, अगं, आज एक दिवस आमचा सण आहे, जरा कळ काढ की. बाहेरून तिचा आवाज आला, ‘बाई, नाय होत गो आता.’ ऑफिसातल्या बाईला ती ‘गो’ म्हणाली ह्यावर आतल्या दोघी हसल्या. मी चौथीचा काष्टा खोचला, तिला वळवून पुढून बघितलं, मागून बघितलं, पदर सारखा केला. मग दार उघडलं.

ती उतारावर उभी होती. एक कुबडी खाली पडली होती, एका हातानं दाराच्या चौकटीला धरलं होतं. तिची साडी खालपर्यंत भिजली होती आणि सिमेंटच्या उतारावरून ओघळ आवारात गेला होता. बाकांवरची माणसं बघत होती. काही जणांनी तोंड फिरवलं होतं, ते बघणाऱ्यांपेक्षा वाईट दिसत होतं.

आणि मी काय केलं? मी निऱ्या वर धरल्या, ओघळ ओलांडला आणि म्हणाले, ‘शी! अगं, लहान आहेस का?’ आम्ही चौघी एकामागोमाग एक निऱ्या वर धरून ओलांडून गेलो. माझ्या पिशवीत सोडलेली साडी होती, कोरडी, धुतलेली. ती तिला द्यावी असं माझ्या मनात आलं, खरंच आलं. मग आलं की ती माझी नवीन आहे आणि परत जाताना गाडीत मला लागेल. वर जाऊन मी तिळगूळ वाटला आणि गोड गोड बोला म्हणून सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर जिन्याखालून हाक येणं बंद झालं. आम्हाला वाटलं, रागावली. मी तर म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. ती सकाळी यायची, संध्याकाळपर्यंत बूथमध्ये बसायची, भाऊ आला की जायची. मध्ये कुठे जाते, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. ती कुठेच जात नव्हती. सकाळी उठल्यापासून घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हती. जानेवारीत ते निभलं. एप्रिलमध्ये त्या पत्र्याच्या खोक्यात उकडून निघायची वेळ आली तेव्हाही ती तशीच बसली. एक दिवस बूथमध्येच तापानं फणफणून पडली. मूत्रपिंडापर्यंत सूज गेली होती म्हणे. दवाखान्यात बरेच दिवस काढून मग ती आईकडे गावी गेली. बूथला कुलूप लागलं.

भावानं वर अर्ज केला. त्यात संडासाचं, कुलपाचं, किल्लीचं सगळं लिहिलं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. किल्ली तुमच्याकडे होती, तुम्हीच निस्तरा, म्हणाले. तिच्याकडून लिहून आणायचं, किल्ली वेळच्या वेळी मिळत होती, माझी काही तक्रार नाही. आणि बूथच्या जागेची परवानगी यंदा अजून व्हायची आहे, हेही जरा तिच्या कानावर घाला, असं सांगून त्यांनी फाइल उघडली. मजकूर मीच टाइप केला.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी कासूला उतरले. स्टेशनपासून बांधावरून बराच वेळ चालत गेले. डोक्यावर पदर, पर्समध्ये तो कागद. तिची आई दारातच भेटली. ऑफिसातली म्हटल्यावर म्हातारीला कोण आनंद झाला! ‘ये गो बाय,’ म्हणाली, आणि तांब्याभर पाणी आणलं. मी घटाघटा प्यायले. म्हातारी सांगत होती, लेक नेहमी सांगते, हापिसातल्या बाया चांगल्या हायत, अडीनडीला बघतात. लेक खाटेवर बसून सुपात वाल निवडत होती. वाळून अर्धी झाली होती. तिनं मान वर केली नाही.

मी कागद दिला. तिनं वाचला. बूथच्या परवानगीचं मी शब्द जुळवून बोलायला लागले, तर तिनं हात पुढे केला आणि पेन मागितलं. सही केली, कागद परत दिला आणि पुन्हा वाल निवडायला लागली. इतकं सोपं जाईल असं मला वाटलंच नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. म्हातारीनं चहा आणला, तो घेतला, वर आणखी पाणी प्यायले.

मग मला लागली. पेणची गाडी यायला वेळ होता आणि स्टेशन लांब. म्हातारीला हळूच विचारलं. ती म्हणाली, हाय ना गो, मागल्या दारी, पोरानं हिच्यासाठी बांधलाय. विटांचा, रुंद दाराचा होता. आत कमोड, भिंतीला लाकडी दांडा, बादलीत भरलेलं पाणी. मी आत गेले, कडी घातली.

जेमतेम बसले असेन, दारावर कुबडी आपटली. ‘बाई, मला जायाचंय.’

मी कशी उठले ते माझं मला माहीत. हात धुतले नाहीत, साडी नीट सोडली नाही, परकर एका बाजूला अडकलेला तसाच. कडी काढून बाहेर आले आणि बाजूला झाले. ती उन्हात दोन्ही कुबड्यांवर उभी होती. तिला काही घाई दिसत नव्हती. मी म्हटलं, जा ना.

‘मला नाय जायाचं,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला बाहेर यायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं.’

ती वळली आणि सावकाश घरात गेली. माझ्या चपला पुढच्या दारात होत्या, त्यामुळे मला तिच्या खाटेसमोरूनच जावं लागलं. ती पुन्हा सूप घेऊन बसली होती. म्हातारीनं बांधापर्यंत सोबत केली, पुन्हा ये म्हणाली.

सोमवारी मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.