वहिनींनी लावलेला अर्थ

महिन्यापूर्वी दादांचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच कुणीतरी गेल्याचं कळलं. ‘तुझी वहिनी काल दुपारी विषमज्वराने गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती.’ एवढ्या दोनच ओळी... वहिनींनी चाळिशीही गाठली नव्हती. पुण्यातल्या ज्या कचेरीत बसून मी ते कार्ड वाचलं, तिथं मला त्यांनीच पोचवलं होतं, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं. कुणाला तरी ते ठाऊक व्हावं, म्हणून लिहितो आहे.

वहिनी केम गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लग्न होऊन सोलापूरला शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या, तेव्हा मी इंग्रजी शाळेत नुकता जाऊ लागलो होतो. वडील नव्हते, दादा गिरणीच्या ऑफिसात कारकून. मी चुलीजवळ बसून धडे घोकायचो आणि भाकरी थापता थापता वहिनी ऐकायच्या. “भावजी, ह्येचा अर्थ काय वो?” असं विचारायच्या, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायच्या नाहीत. मी दोनदा नापास झालो, तोवर त्यांना माझं पहिलं पुस्तक पाठ झालं होतं. त्यात ‘जॉइन’ हे क्रियापद दोरीची दोन टोकं जोडण्याच्या वाक्यात होतं. मी अर्थ सांगितला, जोडणे, सांधणे. त्यांनी दुपारी फाटकी गोधडी शिवायला घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जॉइन करतीया.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना शब्द वापरून बघायचा होता.

पुढे मी कसाबसा मॅट्रिक झालो. पुण्याच्या कचेरीत अर्ज टाकून वर्ष लोटलं, उत्तर नाही. त्या थंडीत वहिनींच्या वडिलांनी हुरड्याला बोलावलं, म्हणून मी केमला गेलो. दादा गिरणीच्या कामासाठी मुंबईला. घरात आई आणि वहिनी दोघीच होत्या, आणि शनिवारी दुपारी दारात तारवाला उभा राहिला.

पुढचं मला आईनेच नंतर कितीदा तरी सांगितलं आहे. आमच्या गल्लीत तार येई ती कुणी गेल्याचीच. आईने कागद बघताच हंबरडा फोडला. बायका जमल्या. कुणी म्हणालं, मास्तरांकडे न्या. मास्तर गावाला गेलेले. कुणी म्हणालं, वकिलांकडे न्या. वहिनींनी हात पुसले आणि कागद घेऊन उजेडात गेल्या. एकेक अक्षर लावत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आत्याबाई, रडू नगा. मेल्याचा शब्द मला ठावं हाय, आजाराचा ठावं हाय. दोनीबी हितं न्हाईत. पैला शब्द जॉइन हाय. जॉइन म्हंजी सांधनं.”

“सांधायचं? म्हणजे पोराचं हाड मोडलं गं!” आई पुन्हा रडू लागली. बायकांनीही सूर धरला. वहिनींचाही धीर सुटला असणार... पण त्यांनी कागद खाली ठेवला नाही. पुढे सोमवार होता, सकाळ होती, आणि सर्टिफिकेट हा शब्द होता. तो त्यांनी माझ्या मॅट्रिकच्या कागदावर रोज पाहिलेला. तो कागद त्यांच्याच पेटीत असे.

“हाड सांधायला सर्टिफिकेट कशाला लागंल, आत्याबाई?” त्या एकदम म्हणाल्या. “नोकरीला जोडून घ्याया बोलावत्यात भावजींना. सोमवारी सकाळी!”

आई म्हणाली, थोरल्याला येऊ दे, तो बघेल. पण दादा मंगळवारी यायचे होते. एकटी बाई गाडीने जाणार, लोक काय म्हणतील, हेही आई म्हणाली. “म्हनू द्या की,” वहिनी म्हणाल्या, आणि रविवारी सकाळी माझे धुतलेले कपडे नि सर्टिफिकेट गाठोड्यात बांधून पॅसेंजरमध्ये बसल्या. एकटीने गाडीत बसायची त्यांची ती पहिलीच वेळ.

मी शेतात हुरडा भाजायच्या आगटीजवळ बसलो होतो. बांधावरून वहिनी येताना दिसल्या आणि मी उठून धावलो. धापा टाकत त्या एवढंच बोलल्या, “भावजी... जॉइन!” आणि तार पुढे केली.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्यांनी विचारलं, “म्हंजी मी लावला त्यो अर्थ बराबर हाय न्हवं?” मी म्हटलं, अगदी बरोबर, आपण त्याला रुजू होणं म्हणतो. “रुजू...” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “रुजनंच की मग. जावा, नीट रुजा.” गाडी हलेपर्यंत त्या बापाशेजारी उभ्या होत्या.

दादांना हे एकटीने जाणं आवडलं नाही. आठवडाभर ते त्यांच्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी मात्र बाजारातून येताना इंग्रजीचं दुसरं पुस्तक घेऊन आले आणि चुलीजवळ ठेवून गेले. वहिनींनी त्यानंतर किती वाचलं, हे मला पुण्यात बसून कधी नीट कळलंच नाही.

ते त्यांच्या तेराव्याला कळलं. मंडळी जेवून गेली होती. दारात एक अनोळखी बाई आली, हातात तार. ती वहिनींकडून वाचून घ्यायला आली होती; त्या गेल्याचं तिला माहीतच नव्हतं. दादा कोपऱ्यात बसून होते, उठले नाहीत. मी पुढे होऊन कागद घेतला आणि पहिल्या शब्दापासून मराठीत सांगू लागलो, तशी आतून आईने हाक मारली. “अरे, असं नाही. मनात सगळी वाच, आणि सगळे सुखरूप असतील तर आधी तेवढं सांग. ती तसंच करायची.”

मी तार मनात वाचली आणि म्हटलं, “सगळे सुखरूप आहेत.”

ती बाई उंबऱ्यावर टेकली. पदराने तोंड पुसून म्हणाली, “आता सांगा सावकाश, काय लिवलंय त्ये.”