दाराआडून म्हटलेली विहीण

"तुझा फक्त आवाज पाहिजे होता. तुला बाहेर कोणी बोलावलं?"

काकू हे मला भरल्या पंगतीत म्हणाल्या. पुण्याहून आलेली वरमाय हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मी दहा वर्षांची. फ्रॉक खालून ओला, कारण इतका वेळ मोरीत उभी होते.

काकूंचं घर राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. पिढ्यान् पिढ्या बनारसमध्ये राहिलेले भिक्षुक. माझे बाबा नांदेडकडून रेल्वेत आले, यार्डात डबे धुवायला. जात मातंग. आई काकूंकडे मोरी-संडास धुवायची. आपल्या मराठीतली बाई म्हणून काकूंना तिचं कौतुक फार, अर्थात मागच्या दारापुरतं.

त्यांच्या थोरलीचं लग्न निघालं. पंगतीत मुलीकडच्यांनी वरमायेसाठी गाणं म्हणायची त्यांच्यात रीत. आमची लेक सांभाळून घ्या, असं विनवणारं गाणं. त्याला विहीण म्हणतात. काकूंचा आवाज गेलेला आणि मुलींना हिंदीशिवाय धड काही म्हणता येईना. पुण्याची मंडळी नावं ठेवतील म्हणून काकूंची झोप उडाली. मग त्यांना मी आठवले. आई घासायची तेव्हा मी बाजूला गात असायचे. काकूंनी मला मागच्या पायरीवर बसवलं, आपण आत बसल्या आणि विहीण शिकवली. मन लावून शिकवली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, लग्नात मी गाणार. आईनं फ्रॉकला इस्त्री करून आणली.

लग्नात मला मोरीत उभं केलं. दाराच्या फटीतून माइक दिला. बाहेर पंगतीसमोर काकूंची धाकटी शालू नेसून बसली, तोंडापुढे बंद माइक. मी म्हणायचं, तिनं ओठ हलवायचे. मी म्हटलं. लेकीला सांभाळा ही ओळ आली आणि बाहेर कुणीतरी हुंदका दिला. गाणं संपलं. वरमाय म्हणाली, "काय गोड गळा आहे पोरीचा. ये गं बाळ, जवळ ये."

गायले होते मी. म्हणून मी गेले. दार ढकलून सरळ पंगतीत.

ही कोण, असं वरमायेनं विचारलं. काकू म्हणाल्या, "मोरीवालीची." कोणी आरडाओरडा केला नाही. मी उभी होते त्या बाजूची पानं उचलली, गंगाजल शिंपडलं, नवी पानं मांडली. आईनं सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली आणि हात जोडून माफी मागितली. मला काकूंपेक्षा आईचा राग आला. कित्येक वर्षं होता. दुसऱ्या दिवशी तिला तीच मोरी धुवायला जायचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गाणं मी सोडलं नाही. देवीची जागरणं, लग्नातले ऑर्केस्ट्रा, इकडची पावसाळ्यातली कजरी, जे मागतील ते गायले. पोस्टरवर माझं नुसतं पहिलं नाव. आडनाव वाचलं की लोक चौकशा करतात, असं कार्यक्रम ठेवणारे म्हणायचे. मी तशीच गायला उभी राहायचे.

मग इथल्याच एका स्टुडिओवाल्यानं मला बोलावलं. आईनं गावाकडे स्वतः जुळवलेली ओवी मी ढोलकीवर गायले. माझं पहिलं रेकॉर्डिंग. ऐकताना त्याचे डोळे ओले झाले. व्हिडिओसाठी लखनौची एक मुलगी येणार, नावेत बसून ओठ हलवणार, असं त्यानं चहा देता देता सांगितलं.

"आवाज आपका, चेहरा उसका. सब ऐसे ही करते हैं, दीदी."

माणूस वाईट नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. हे करायला वाईट असावंही लागत नाही.

"गाना मिटा दीजिए," मी म्हटलं.

तो हसला. मी उठले नाही. त्यानं माझ्यासमोर ते पुसलं आणि पुन्हा दारात येऊ नकोस म्हणाला. घरी येऊन मी ढसाढसा रडले. आईनं बोलणं टाकलं. हाताशी आलेलं घालवलंस, एवढंच म्हणाली.

तीच ओवी पुढे मी एका मित्राच्या खोलीत गायले, मोबाइलसमोर, माझा चेहरा दाखवून. खाली पूर्ण नाव. ती चालली. आता ऑटोत वाजते, घाटावरच्या होड्यांत वाजते. मुंबईच्या कंपन्या फोन करतात. त्याही गोड बोलतात. रंग थोडा उजळ दाखवू, आडनाव गाळू, ओवी 'पारंपरिक' लिहू. आई अजून म्हणते, वाकून घे, पोटाकडे बघ. तिचं भय मला कळतं. ते मी घेणार नाही.

माझं गाणं हवं त्यानं माझा चेहरा दाखवायचा, आहे त्या रंगाचा. आडनाव लिहायचं. ओवी कुणाची, तिथे मोरी धुणाऱ्या माझ्या आईचं नाव घालायचं. जमत नाही म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मी गात नाही.