लोह्याची बहीण

दर महिन्याला ती लातूरहून एस.टी.नं नांदेडला यायची, एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला. तिथल्या केंद्रात मी समुपदेशक होते. नवरा ट्रकवर होता. दुखणं त्याच्याकडून आलं आणि तो आधीच सुटला. औशाकडचं माहेर, आई-बाप, धाकटी बहीण, सगळं भूकंपात गेलं. आता ती लातुरात, शिकवणीच्या पोरापोरींनी भरलेल्या एका गल्लीत जेवणाचे डबे करून द्यायची. निघताना गल्लीत सांगायची, लोह्याला बहिणीकडं चालले. मेलेल्या बहिणीला तिनं नांदेडच्या वाटेवरच्या लोह्यात नांदायला पाठवलं होतं.

लातूरला केंद्र निघालं आणि माझी बदली तिकडं झाली. मी मोठ्या हौसेनं तिचे कागद मागवून घेतले. ती नकोच म्हणत होती.

"मॅडम, नांदेडात मला कोण वळखतंय? हितं समदे वळखत्यात. लेकरं माझ्या हातचं खात्यात."

"अहो, दारात आलेलं सोडून इतक्या लांब कशाला जाता?" मी म्हणाले. औषध माणसाच्या दारापर्यंत न्या, हेच आम्हाला शिकवलेलं. दाराला कडी कशासाठी असते, ते कुणी शिकवलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. ती तोंडाला पदर लावून यायला लागली.

परीक्षेच्या दिवसांत डबे वाढले आणि तिची गोळ्यांची तारीख चुकली. तारीख चुकली की घरी जाऊन बघायचं, हा आमचा नियम. जीप मी शहाणपणानं चौकातच थांबवली, फाइलही आत ठेवली. खांद्याला मात्र रोजची कापडी पिशवी होती, प्रशिक्षणात मिळालेली, वर एड्सची खूण असलेली ठसठशीत लाल फीत छापलेली. मी तिच्यातून जेवणाचा डबा न्यायचे. तिच्यावर काय छापलंय, हे मी कधीच विसरून गेले होते.

ती कणीक मळत होती. तिनं आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्या मागं. मागं दोन बाया उभ्या होत्या, मुलांच्या शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या, चांगल्या शिकलेल्या.

"उद्या येते मी. तुमी जावा आता," ती म्हणाली.

ती आली नाही. आठवड्यानं मी मोकळ्या खांद्यानं गेले. दाराला कुलूप, ओट्यावर घासून पालथे घातलेले डबे.

"समद्यांनी डबे बंद केले," शेजारीण म्हणाली. "तिच्या हातचं खाऊन कुणाला काय झालं म्हंजे?"

जेवणातून काही होत नाही, हे अगदी ओठांवर आलं. पण ते बोलणं म्हणजे तिचं दुखणं कबूल करणं. माझी मलाच किळस आली.

"गेल्या कुठं?"

"लोह्याला. बहिणीकडं."

नांदेडच्या केंद्रात विचारलं, पार बिलोलीच्याही केंद्रात विचारलं. कुठल्याच नोंदीत ती नाही. लोह्यात तिचं कुणी नव्हतं, हे त्या गल्लीत मला एकटीलाच माहीत होतं.