काटेवाडी यायच्या आधी

मी शनिवारी पुण्याहून इंदापूरला येते, तेव्हा एसटीत महिन्यातून एकदा काटेवाडीची एक बाई शेजारी असते. ती घरी सांगून येते, कंबर दाखवायला दवाखान्यात चालले म्हणून. हिंडते मात्र तुळशीबागेत, सारसबागेत, एकटीच. दर वेळी हॉटेलात खाल्लेल्या डोशाचं मात्र नव्यानं सांगते. "गरम हुता, मॅडम. कुणाला वाढायचं न्हाय, मधीच उठायचं न्हाय. बसून खाल्ला."

परवा तिनं लाल पट्ट्यांची चप्पल घेतली होती. बारामतीपर्यंत पाय पुढं करून ती चपलेकडंच बघत होती. काटेवाडी जवळ आली तशी जुनी चप्पल घालून नवी माझ्या पिशवीत सारली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." माझ्या कपाटात तिच्या बांगड्याही आहेत. ठेवून घ्यायला आवडत नाही, पण नाही म्हणवत नाही.

पदर डोक्यावर घेऊन, कंबरेवर हात ठेवून ती उतरली. खाली नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता. खिडकीतून ऐकू आलं.

"काय म्हनलं डॉक्टर?"

"फुडल्या म्हयन्यात परत बोलिवलंय."

गाडीवर बसताना ती कण्हली. ते कण्हणं मला खोटं वाटलं नाही.