ओळखीच्या गावात न येणारा आजार

माझा भाऊ शाळेत आला तेव्हा परिपाठ नुकताच संपला होता. मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माहेर ब्राह्मणपुरीचं, तिथून माझी शाळा मोटारसायकलवर अर्ध्या तासाची. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, केळी आणि पपई करणारा, बोलायला कमी. गावातल्या प्रत्येक लग्नात वाढायला उभा राहणार, पण एकाही फोटोत दिसणार नाही, असा. त्या दिवशी त्याचे डोळे लाल होते आणि तो थांबतच नव्हता. आदल्या दिवशी त्यानं पपईची अर्धी बाग उपटून टाकली होती. तिथं त्याला मुलींसाठी कॉलेज बांधायचं होतं. मी पाण्याचा पेला दिला, तो तसाच हातात धरून तो बोलत राहिला.

"बाई, चार रोज व्हयनात, माले झोप नही. लागाले बी नको. कितलं काम पडेल शे," तो म्हणाला.

मग त्याच सुरात त्यानं सांगितलं की खापरच्या बाजारात एक बाई भेटली, तिच्याशी तो लग्न करणार आहे, आणि हे वहिनीला सांगून झालंय. पोषण आहार शिजवणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या, पहिल्या रांगेतली मुलं ऐकत होती. त्यानं आवाज खाली केला नाही.

पुढच्या दोन दिवसांत बाकीचं कळलं. त्या आठवड्यात त्यानं गावातल्या चार-पाच बायकांना फोनवर नको ते लिहिलं होतं. एकीला तर तिच्या नवऱ्यासमोरच सुंदर म्हणाला होता, आणि त्या माणसानं त्याला चौकात मारलं होतं. घरी भाऊबंदांची बैठक बसली. काकांनी निकाल दिला की पोरगं हातचं गेलं, बाईचा नाद लागला. वहिनीचे भाऊ तिला माहेरी न्यायला आले, तिनं पिशवीसुद्धा भरली.

तेव्हा माझा नवरा मध्ये पडला. तो ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत आहे. आठवड्यातले चार दिवस अक्कलकुवा, नवापूरकडे विक्रेत्यांच्या भेटीला फिरतो. शहाद्याला आम्ही, आमची मुलगी आणि सासूबाई राहत होतो. त्या बैठकीत त्यानं तासभर सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, हा नाद नाही. नादी माणूस लपवतो. दादा काहीच लपवत नाहीयेत. हे डोक्याचं दुखणं आहे, यांना डॉक्टरकडे न्या."

दुसऱ्या दिवशी त्यानंच गाडी काढली. नंदुरबारला मनोविकाराचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आम्ही चौघं गेलो. डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, हे कधीपासून सुरू झालं ते विचारलं, याआधी माणूस कसा होता ते वहिनीकडून पुन्हा पुन्हा काढून घेतलं. मग आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. बाहेरच्या बाकावर नवरा भावाचा हात धरून बसला होता. मला त्याचा अभिमान वाटला. तो अभिमान खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

तीन आठवड्यांनी भावाचा तो चढलेला वेग उतरला. मग कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "मी तसा माणूस नही, बाई. पण करं तर मीच." अंगात ताकद आल्यावर तो वहिनीला बरोबर घेऊन त्या प्रत्येक घरी गेला आणि हात जोडून उभा राहिला. दोन घरांनी दार उघडलं नाही. गोळ्या त्यानं तेव्हापासून एक दिवस चुकवलेल्या नाहीत, आणि त्या गोळ्यांसाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं, तेही कोणी न सांगता तो करून येतो.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या शाळेत खांडबाऱ्याहून एक नवे शिक्षक बदलून आले. एकदा मधल्या सुट्टीत सहज म्हणाले, तुमचे साहेब काल आमच्या स्टेशनवर दिसले, सोबत त्यांची बहीण होती वाटतं. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. शिवाय आदल्या दिवशी तो मला खापरला जातो म्हणून सांगून गेला होता.

विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. तिसऱ्या दिवशी कबूल झाला. रडला, मुलीची शपथ घेतली. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. सात-आठ महिन्यांनी दुसरी बाई निघाली, आणि त्या भांडणात हेही बाहेर आलं की मुलीच्या जन्माआधीही एक होती. पुन्हा रडणं, पुन्हा शपथ. वर्षभरानं पुन्हा खांडबारा. या खेपेला मात्र तो रडला नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसला आणि शांतपणे म्हणाला, "मला वाटतं मला आजार आहे. तुझ्या भावासारखा." मोबाइलवर त्यानं काय काय वाचून ठेवलं होतं, ते दाखवलं.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. फसवणाऱ्या माणसाचं काय करायचं ते ठरवावं लागतं. आजारी माणसाची सेवा करायची असते, आणि ती मला येत होती. सासूबाईंनाही त्यानं सांगितलं होतं. त्या मला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्याले आजार शे, बेटा. तुन्हा भाऊले सोडी दिधं का तू?"

पुढचे पाच महिने मी घरात परिचारिकेसारखी वावरले. आवाज चढवायचा नाही, जुनं काढायचं नाही, तो उशिरा आला तरी फोन करायचा नाही, त्याच्या मनावर ताण नको. मुलीलाही मी बाबांना बरं नाही असं सांगितलं. तिनं कुठं दुखतं विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

भावाच्या वेळी जी लक्षणं पाहिली होती, ती मी याच्यात शोधायला लागले. झोप? तो आठ तास शांत झोपायचा. बोलणं? नेहमीसारखं, मोजकं. भलत्या योजना? एकही नाही. कंपनीचं त्याचं काम वेळेत पूर्ण व्हायचं, मोटारसायकलचं सर्व्हिसिंग चुकायचं नाही, मुलीच्या बसची वेळ पाठ. आजार त्याच्या दिवसाच्या एकाच कप्प्यात होता आणि बाकीचे कप्पे साफ होते. तरी मी स्वतःला समजावत राहिले की आजाराचे प्रकार वेगळे असतील, मी काही डॉक्टर नाही.

म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो, त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी त्याच्याशी एकट्याशी तासभर बोलून घेतलं आणि एक वही करायला सांगितली. जेव्हा मन तिकडे ओढ घेईल तेव्हा वेळ लिहायची, त्याआधी काय झालं होतं ते लिहायचं, आणि आवरलं की नाही तेही. दुसऱ्या भेटीला वही कोरी होती. कामात वेळ मिळाला नाही, म्हणाला. तिसऱ्या भेटीलाही कोरीच. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याची परवानगी घेऊन मला आत बोलावलं.

"तुमच्या भावाला जो आजार आहे, त्याची लक्षणं मला यांच्यात दिसत नाहीत," ते म्हणाले. "मनावर ताबा न राहण्याचाही एक त्रास असतो, तो मी नाकारत नाही. त्यात माणूस थांबायला धडपडतो, हरतो, स्वतःचं नुकसान होत असताना हरतो. यांची धडपड मला अजून दिसलेली नाही. यांना यायचं असेल तर मी आहे. पण ताई, उद्या आजार निघाला तरी तुम्हाला झालेली जखम खोटी ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा."

चौथ्या भेटीला तो गेलाच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी सकाळी भाकरी करत होते आणि तो चहा घेत ओट्याला टेकून उभा होता. माझ्या मनात भांडण नव्हतं. मला खरोखरच समजून घ्यायचं होतं, म्हणून मी विचारलं की त्याला तसं होतं तेव्हा नेमकं काय होतं. तो म्हणाला, काही सुचत नाही, पाय आपोआप वळतात. मी विचारलं, हे शहाद्यात कधी झालं का.

"शहाद्यात कसं होईल?" तो म्हणाला. "इथं सगळे ओळखतात."

"आणि ब्राह्मणपुरीत? माझ्या शाळेच्या गावात?"

"वेडी आहेस का? तुझी इज्जत नाही का तिथं?"

मी तवा उतरवला. "म्हणजे ओळखीच्या गावात तुमचा आजार येत नाही," मी म्हणाले.

त्यानं चहा न संपवताच कप ओट्यावर ठेवला. आपण काय बोललो हे त्याला माझ्याबरोबरच कळलं असावं. मला काकांच्या बैठकीतलं त्याचं बोलणं आठवलं, नादी माणूस लपवतो, हे. तेव्हा मला वाटलं होतं, किती जाणता माणूस आहे. जाणता होताच. ते त्याला आतून माहीत होतं. आणि भावाच्या दुखण्याचे शब्द त्यानं त्या दवाखान्याच्या बाकावरून उचलून आणले होते, हे मला त्या तिन्ही बायकांपेक्षा जास्त लागलं.

मी माहेरी गेले ते रडायला नाही, वहिनीला एक गोष्ट विचारायला. ती मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी विचारलं, तुला कसं कळलं की हा फसवत नाहीये. ती म्हणाली, तिला तेव्हा कळलंच नव्हतं, तिनं पिशवी भरली होतीच. कळलं ते नंतर.

"ताई, आते त्याले एक रात झोप नही लागनी का तो सवताच माले सांगस," वहिनी म्हणाली. "फोन मन्हा हातमा देस, म्हणस, ठी ले. मी पहारा नही करस. तोच करस सवतावर."

मग एक-दोन वाक्यांत मागचं सांगून ती पुन्हा मिरच्या पसरायला लागली. मागच्या वर्षी भावाचं दुखणं पुन्हा सुरू झालं होतं हे मला तेव्हाच समजलं. दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन नंदुरबारला गेला होता, म्हणून गावाला पत्ताही लागला नव्हता.

घरी परत जाताना बसमध्ये मी विचार करत होते की गेल्या चार वर्षांत माझ्या नवऱ्यानं एकदा तरी, पकडला जाण्याआधी, मला काही आपणहून सांगितलं का. एकदाही नाही. आजार हा शब्द त्याच्या तोंडी पकडलं गेल्यावरच आला होता. मला वाटतं, मी तिथंच ठरवलं, जरी घर सोडायला आणखी दोन महिने लागले. मुलीची परीक्षा होऊ दिली. मग शाळेपासून जवळ दोन खोल्या घेतल्या. सासूबाईंच्या पाया पडले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

नातेवाईकांत आजही असं बोललं जातं की नवरा आजारी असताना ही निघून गेली. सुरुवातीला मी खुलासे करायचे. भावाचं नाव मध्ये येतं म्हणून ते थांबवलं. ज्याचा आजार खरा, त्याला गावात अजूनही काही लोक तिरक्या नजरेनं बघतात, आणि माझ्या नवऱ्याची विचारपूस होते. मुलीला मात्र मी सगळं नीट सांगितलं, तिच्या वयाला झेपेल तसं. मामाला आजार आहे, तो गोळ्या घेतो. बाबांना आजार नाही. बाबांनी मला पुन्हा पुन्हा खोटं सांगितलं. ती विचार करून म्हणाली, मग मी बाबांना भेटू शकते ना. मी हो म्हणाले.

गेल्या महिन्यात तिच्या शाळेत पालकसभा होती, दोघंही गेलो. सभा संपल्यावर मुलगी मैत्रिणींत रेंगाळली आणि आम्ही फाटकापाशी निंबाखाली उभे राहिलो. तो थोडा बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "मी खरंच आजारी असतो, तर तू राहिली असतीस?"

वहिनीनं भरलेली पिशवी माझ्या डोळ्यांसमोर होती. आजारी माणसाबरोबर राहणं सोपं असतं असं मला म्हणायचं नव्हतं, आणि मी थोर आहे असंही नाही.

"राहायचा प्रयत्न केला असता," मी म्हणाले. "जमलं असतंच, असं नाही सांगत. पण पाच महिने मी केलाच ना तो प्रयत्न. तुम्ही एकही पान लिहिलं नाहीत."

त्यानं मान हलवली, वाद घातला नाही. मग मुलीला विज्ञानाची शिकवणी लावायची का, यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि ते पहिल्यांदाच न भांडता ठरलं.