दोन रात्रींचा निळा रंग

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बोईसरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. गाभण उंदरिणींना नवं औषध द्यायचं, मग त्यांचे इवलेसे गर्भ रात्रभर एका रंगात ठेवायचे. म्हाताऱ्या झालेल्या पेशी त्या रंगात निळ्या होतात, असं तेव्हा नुकतंच कळलं होतं.

औषध दिलेले गर्भ हातापायांच्या टोकांना निळे निघाले, न दिलेले पांढरेच राहिले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. या औषधाने पेशी जन्माआधीच म्हाताऱ्या होतात, असा अहवाल मी ठोकून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांची सही झाली की औषध बंद, आणि ते बनवणाऱ्या केमिस्टची नोकरीही जाणार. तो अकोल्याचा, इथे जवळच्या सालवड गावात बायको-मुलीसोबत राहायचा. वाद घालायला आला तेव्हा मी म्हटलं, "डोळ्यांना दिसतंय ते तरी नाकारू नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उंदरांचे पिंजरे सांभाळणाऱ्या, जवळच्याच नवापूर गावच्या मावशी बाटल्या धुता धुता म्हणाल्या, "बाई, निली झाली ती गुरवारला घातलेली ना? मंग शुक्रवारची सुट्टी आली. दोन राती रंगात व्हती ती. दुसरी तं एकच रात."

इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी धावत साहेबांकडे गेले, सही थांबवायला दोन दिवस मागून घेतले. ते नको नको ते बोलले, मी ऐकून घेतलं. केमिस्टला मात्र काही सांगितलं नाही. आधी खात्री करू, असं मनाला बजावलं. खरं तर माझी मान खाली जाणार होती.

औषध न दिलेले गर्भ दोन रात्री रंगात ठेवले. तिसऱ्या दिवशी तेही निळे निघाले, अगदी त्याच जागी, बोटं फुटायच्या टोकांना.

केमिस्टला बोलावून दाखवलं. त्याने सूक्ष्मदर्शकातून दोन्ही गर्भ पाहिले.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"परवा सकाळी."

"परवा दुपारी मी मुलीचं नाव शाळेतून काढलं. काल दोघींना अकोल्याच्या गाडीत बसवलं." त्याने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "बायकोला तुम्हीच लिहा. औषधात दोष नव्हता म्हटलं तरी माझ्यावर तिचा आता विश्वास नाही."

मी पेन उचललं आणि लिहिलं, 'ताई, चूक माझी होती.'