कोपऱ्यातली वेळ

शिडीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव फक्त बायको वापरायची, आणि तीही भांडतानाच. खांद्यावर घडीची शिडी, कमरेला ड्रिल, गळ्यात वायरचं वेटोळं अशी स्वारी गल्लीतून निघाली की कोणीतरी म्हणायचंच, "निघाले शिडीराव, डोळे वाटत!" दुकानं, गोदामं, जिने, फाटकं, सगळीकडे त्याचे कॅमेरे होते. एका गृहस्थांनी तर शेजाऱ्याच्या कुत्र्यावर पाळत ठेवायला एक लावून घेतला होता. कुत्र्याने तिसऱ्या दिवशी वायर खाल्ली. त्याचं चित्रण मात्र उत्तम आलं होतं.

काम करताना गिऱ्हाइकाला शिडीवरून प्रवचन देणं हा त्याचा छंद होता.

"कॅमेरा फार उंच लावला ना साहेब, तर चोराचा चेहरा येत नाही, टक्कल येतं. आणि टकलावरून आजवर कोणी सापडलेलं नाही. आठ-नऊ फूट पुष्कळ. खिडकीकडे तोंड करून तर मुळीच नको, समोरून उजेड आला की माणसाचा नुसता काळा बोळा दिसतो. ही वायर विजेच्या वायरीला चिकटवून न्यायची नाही. दोघी जावा आहेत, एका पाइपात घातल्या की चित्रात भांडण दिसतं. आणि डिस्क पंधरा दिवसांचं धरते. सोळाव्या दिवशी पहिला दिवस पुसते. तेव्हा चोरी झाली तर महिनाभर हळहळत बसू नका, दुसऱ्याच दिवशी बघा."

मग खाली उतरून, हात झटकून, शेवटचं वाक्य ठरलेलं. "माणूस खोटं बोलेल. कॅमेरा नाही."

धुलाई कारखान्याचं काम त्याला ताईने मिळवून दिलं. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, टॉवेल धुवून देणाऱ्या त्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं मोजणीला होती. कोठाराच्या दारात टेबल टाकून बसायची, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते सांगायची. सगळे तिला मावशी म्हणत. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

मालकांनी कॅमेरे बसवायचा विषय काढल्याबरोबर ती म्हणाली, "मालक, बाहेरचा कशाला? माझा धाकटा भाऊ आहे ना. मन लावून करील."

आणि त्याने खरोखरच मन लावून केलं. दोन दिवसांत आठ कॅमेरे. ताईने स्वतः शिडीचा पाय धरला, स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्याला वाढलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगितलं, "माझा भाऊ बरं का!" कोठाराच्या दारावरचा कॅमेरा तर त्याने असा बसवला, की आत जाणाऱ्या मुंगीचाही पासपोर्ट फोटो निघावा.

शेवटच्या संध्याकाळी मनगटावरचं घड्याळ बघून त्याने ऑफिसातल्या, चित्रण साठवणाऱ्या यंत्रात वेळ लावली, अगदी सेकंदासकट. पण या यंत्रांची एक खोड असते. इंटरनेट जोडलं की ती रोज स्वतःहून वेळ जुळवून घेतात. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, आपल्याकडे तसं नाही, हे त्यांना एकदा सांगून ठेवावं लागतं. ती एक ओळ भरायची राहिली होती. तेवढ्यात ताईची हाक आली, "धाकट्या, चहा गार होतोय!" चहा गार झाला नाही, ओळ मात्र राहून गेली. पुढच्याच जुळवणीत यंत्र परदेशी उन्हाळी वेळेवर गेलं, बरोबर एक तास पुढे.

चित्राच्या कोपऱ्यात वेळ दिसते, पांढऱ्या अक्षरांत. इथे मागे पांढऱ्या चादरींचे ढीग. पांढऱ्यावर पांढरं, कोणाच्या बापाला दिसणार?

तीन आठवड्यांनी कोठारातून बारा भारी टेबलक्लॉथ गेले. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना मुकादमाने ते हाताने मोजले होते. एक ते दोन सुट्टी, आणि दोननंतर बारा कमी. मालकांनी चित्रण लावलं. एक वाजून वीस मिनिटांनी मावशी एकटी आत जाते आणि कपड्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर येते. त्यानंतर आणखी कोणी आत जातं का, हे न पाहताच मालकांनी यंत्र बंद केलं. हवं ते मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी शिडीरावला बोलावणं आलं. तेवढा भाग पेनड्राइव्हवर काढून द्यायचा होता. कशाबद्दल, ते निरोपात नव्हतं. ऑफिसात कोणी नव्हतं. तो खुर्चीत बसला, पडदा लावला आणि सवयीने आधी कोपऱ्यात पाहिलं. पाच वाजून सहा. मनगटावर चार वाजून सहा.

"अरेच्चा!" तो पुटपुटला. कारागिराला आपली चूक दिसली की हात डोक्याच्या आधी धावतो. त्याने ती राहिलेली ओळ भरली, काटा एक तास मागे आणला, दाराकडे पाहिलं. कोणी पाहिलं नव्हतं. जीव भांड्यात पडला.

मग त्याने सांगितलेलं चित्रण उघडलं, आणि त्यात ताई होती.

त्याला पुढचं कळायच्या आत मालक आले. मागोमाग ताई.

"बसा मावशी, पाणी घ्या," मालक म्हणाले. माणूस अतिशय गोड. कोणालाही काढताना आधी पाणी द्यायचे. "एकोणीस वर्षं! मला किती वाईट वाटतंय, कसं सांगू?"

"मालक, मी बारा-वीसला आत गेले होते. रोज जाते. फाटक्या चादरी शिवणकामाला द्यायच्या असतात, तोच गठ्ठा. एक-वीसला मी सगळ्यांत बसून जेवत होते."

"सगळ्यांना विचारलं मी. म्हणतात, होत्या जेवायला, पण मध्ये उठल्या असतील तर लक्ष नाही."

पेला ताईच्या हातातच राहिला. या सगळ्यांच्या घरची बाळंतपणं तिने रजा टाकून केली होती. मग तिची नजर भावावर गेली आणि चेहरा एकदम मोकळा झाला.

"यालाच विचारा ना! यंत्र याचं. कधीतरी वेळ चुकत असेल. हा म्हणाला वेळ बरोबर आहे, तर मी गप्प घरी जाते. लहानपणापासून कधी खोटं बोललेला नाही माझ्याशी."

"उत्तम," मालक म्हणाले. "भाऊच साक्षीदार, याहून काय हवं? सांगा हो, यंत्राची वेळ बरोबर आहे ना? तसं नसेल तर आत्ताच सांगा. बाकीच्या तीन कारखान्यांचं काम तुम्हालाच द्यायचं चाललंय, तेव्हा मला माहीत असलेलं बरं."

शिडीरावने पडद्याकडे पाहिलं. चार वाजून चौदा. मनगटाकडे पाहिलं. चार वाजून चौदा. त्याने पाण्यासाठी टेबलावर हात फिरवला. पाणी ताईच्या हातात होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती नुसती आठवत होती.

"मग मीच विसरले असेन," ती म्हणाली. पेला नीट टेबलावर ठेवून उठली.

उद्या सांगू, असं त्याने रात्री ठरवलं. दुसऱ्या दिवशी मोजणीच्या टेबलावर मालकांची भाची बसली होती. मग ठरवलं, तीन कारखाने झाले की सांगू. तोवर सोळावा दिवस उजाडला, आणि डिस्कने आपलं काम चोख केलं. टेबलक्लॉथ कोणी नेले ते कधीच कळलं नाही. चोर ठरला होता, मग शोधायचं कोणी?

ताईला दुसऱ्या एका कारखान्यात बोलावलं होतं. ती गेली नाही. "नको रे बाबा. डोकं चालत नाही आता. बघ ना, गठ्ठा कशाचा उचलला तेही आठवेना मला. पुन्हा कुठे काही केलं तर?" मेहुण्यांनी गुडघ्यांना पट्टे बांधून एका फाटकावर रखवालदारी धरली. उभ्याची नोकरी.

आता ती दुपारी त्याला फोन करते. तो मालकांच्या दुसऱ्या कारखान्यात शिडीवर असतो, दातांत स्क्रू धरून.

"धाकट्या, किती वाजले रे?"

"तीन वाजून सात."

"बघ! मला वाटलं दोनच."

"घरात घड्याळ आहे ना गं ताई?"

"आहे रे. पण ते वाचणारी मीच ना? तुझं बरोबर असतं." मग जरा थांबून, हळूच विचारते, "नक्की तीन ना?"

तो स्क्रू दातांतून काढतो, मनगट डोळ्यांजवळ नेतो आणि तिला सेकंदासकट वेळ सांगतो.